दीड सेंटीमीटर सांबरशिंग

माझं अक्षर चांगलं आहे, आणि या एका गुणापायी मला आयुष्यात जेवढा ताप झाला तेवढा माझ्या सगळ्या दुर्गुणांनी मिळून दिला नसेल. नव्वदच्या दशकात मी नाशिकला वनखात्याच्या एका लहानशा कार्यालयात कारकून म्हणून लागले. पहिल्याच दिवशी मोठ्या कारकुनांनी माझा रुजू होण्याचा अर्ज चष्मा वर करून पाहिला आणि "वा, वा!" म्हणाले. त्या दिवसापासून जे काही हातानं लिहायचं असेल ते माझ्या टेबलावर येऊन पडू लागलं. नातेवाइकांना वाटायचं, वनखात्यात आहे म्हणजे ही रोज हरणं बघत असणार. मी बघायचे ती फाइलींमधली वाळवी. जंगल आमच्याकडे यायचं ते कागदावरून, तेही तीन प्रतींत.

लग्नानंतर आम्ही सातपूरला कामगारांच्या वसाहतीत दोन खोल्यांत राहायचो. नवरा कारखान्यात, पाळ्यांची नोकरी. मुलगी झाली ती ऐन थंडीत, आणि तिसऱ्या दिवसापासून आमच्या घरात मावशी यायला लागली. मावशी म्हणजे बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी बाई. माहेरची पेठकडच्या डोंगरातली. नवऱ्याबरोबर सातपूरला आली तेव्हा इथं कारखाने नुकतेच उभे राहत होते. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. दुसऱ्यांची मुलं न्हाऊ घालण्यात तिचा जन्म चालला होता. आमच्या वसाहतीत तिच्या हाताखालून न गेलेलं मूल शोधून सापडलं नसतं.

ती सकाळी यायची, पदर खोचायची, पाय लांब करून मोरीपाशी बसायची आणि माझ्या मुलीला नडग्यांवर पालथं घालायची. कढत पाण्याची वाफ, तेलाचा वास, शेगडीवर ओव्याची धुरी. त्या दिवसांत मी जागी आणि झोपलेली यांच्या मध्ये कुठंतरी असायचे. भिंतीला पाठ टेकून बसले की मावशीचा आवाज लांबून, पाण्याखालून यावा तसा यायचा. ती मुलीशी बोलते आहे की माझ्याशी, हेही कळायचं नाही.

तिच्या पिशवीत तेलाची बाटली असायची, वेखंड असायचं आणि एका जुन्या दुपट्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं सांबरशिंग. तपकिरी, खरबरीत, वीतभर लांब; टोकाकडे बोटाएवढं जाड आणि घासून घासून चपटं झालेलं. बाळाच्या छातीत घुरघुर सुरू झाली की सहाणेवर दुधाचे चार थेंब टाकून ती ते उगाळायची. पांढरट गंध तयार व्हायचं. ते कोमट करून छातीला, पाठीला लावायचं आणि वर कापडानं शेकायचं. माझ्या आईनं मला लावलं होतं, तिच्या आईनं तिला. काष्ठौषधीच्या दुकानात मिळायचं ते पूर्वी, सुंठीइतकं सहज. नंतर बंदी आली आणि दुकानदार नुसते मान हलवू लागले.

"माझ्या बापानं उचललेलं हाय ते," मावशी सांगायची. "मारलेलं नाय बरं. उन्हाळ्यात सांबर शिंग टाकतं. झाड पान टाकतं ना, तसं. मंग पावसाळ्यात नवं येतं, कवळं, वर लव असती. बाप मोहाची फुलं येचाया गेला तं झाडाखाली पडलेलं. माझं लगीन ठरलेलं तवा. म्हनला, पोरी, सोनं कुठून देऊ, हे घे. तुझ्या लेकरांना व्हईल."

लेकरं झाली नाहीत ते ती सांगायची नाही. मी अर्धवट मिटल्या डोळ्यांनी बघायचे, तर वाफेतून मोरीच्या दारात एक सांबर उभं असायचं. ओलं नाक, मोठे कान, अंगावरून पाणी निथळतंय. बाळाकडे बघायचं आणि वळून भिंतीतून निघून जायचं. मला त्याचं नवलही वाटायचं नाही. वनखात्यात सात-आठ वर्षं काढून मला दिसलेलं ते पहिलं सांबर.

रजा संपवून कामावर गेले तोवर उन्हाळा आला होता आणि आमच्याकडे नवा हुकूम आला होता. वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा जुनाच. पण आता तो कडक झाला होता. ज्यांच्या घरात प्राण्यांची कातडी, शिंगं, नखं, पेंढा भरलेली मुंडकी असतील त्यांनी सहा महिन्यांच्या आत ती जाहीर करायची. फॉर्म भरायचा, माप द्यायचं, मग पडताळणी होऊन मालकीचा दाखला मिळायचा. मुदतीनंतर बिनदाखल्याचं सापडलं तर गुन्हा. वस्तू विकायची नाही, कुणाला द्यायची नाही. माणूस गेल्यावर फक्त वारसाकडे जाणार. फॉर्म हातानं भरायचे होते. ते कुणाच्या टेबलावर आले हे सांगायला नको.

आमचे साहेब तेव्हा नवे होते, तिशीतले, जंगलाच्या वेडापायी या नोकरीत आलेले. मी एकदा विचारलं, "साहेब, पडलेलं शिंग घरात असलं तर त्यात काय एवढं? जनावर तर जिवंतच असतं ना?"

ते म्हणाले, "मॅडम, पडलेलं आणि पाडलेलं, शिंगाकडे बघून ओळखून दाखवा. पडलेलं विकायला मोकळीक दिली की बंदूक घेऊन लोक पाडायला निघतात. मी पोत्यांनी पकडलीत."

मला पटलं. आजही पटतं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला कायद्याच्या विरोधातली समजू नये.

त्या पावसाळ्यात आमच्या मागच्या खोलीचं हळूहळू जंगल झालं. माणसं पिशव्यांतून, चादरींतून वस्तू घेऊन यायची; एकजण तर सायकलच्या कॅरिअरला बांधून घेऊन आला. त्र्यंबकेश्वरचे एक गुरुजी मृगाजिन घेऊन आले. बापजाद्यांची संध्या त्यावर झालेली, मधला भाग बसून बसून केस जाऊन गुळगुळीत. सटाण्याच्या एका कांद्याच्या व्यापाऱ्यानं दिवाणखान्यातलं चितळाचं मुंडकं आणलं, एक काचेचा डोळा निखळलेलं. बिबट्याचं कातडं आलं, त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास. माप आणि फोटो होईपर्यंत सगळं खोलीत मांडलेलं असायचं. दुपारी डबा खाऊन मी तिथं एकटी बसले की बाहेर पाऊस, आत तो मंद उजेड, आणि इतके डोळे. मला डुलकी लागायची. डुलकीत कातडी उठून अंग झाडायची, मुंडकी भिंतीतून पुढं येऊन उरलेलं अंग बाहेर काढायची, आणि सगळी मिळून खिडकीशी पाऊस बघत उभी राहायची. कुणी कुणाला खात नसे.

फॉर्ममध्ये एक रकाना होता: वस्तू कशी मिळाली. त्यात मी शेकड्यानं एकच उत्तर लिहिलं, आजोबांकडून. स्वतः जनावर मारलेला असा एकही माणूस आला नाही. महाराष्ट्रातले सगळे आजोबा काय फक्त शिकारच करत होते की काय, असं मी एकदा मोठ्यानं म्हणाले, तर समोरचे गृहस्थ दुखावले.

आणि मग, कुणी सांगितलेलं नसताना, मी मावशीला म्हटलं, "मावशी, ते शिंग नोंदवून घ्या."

ती म्हणाली, "कशापायी? कोन बघतंय?"

"बघत नाही कुणी, पण उद्या कुणी बघितलं तर जप्त होईल. पोलिस केस होईल. तुम्ही या माझ्याकडे, मीच लिहीन, पाच मिनिटांत होईल."

ती माझ्यावर विश्वास ठेवून आली. ठेवणीतलं लुगडं नेसून, डोकीवर पदर घेऊन, बसनं. शिवणाच्या डब्यातली टेप मी मापासाठी ऑफिसात नेऊन ठेवली होती, ती शिंगाला लावली. एकवीस सेंटीमीटर. सोनाराकडून आणलेल्या तराजूत वजन केलं. "कशी मिळाली" या रकान्यात लिहिलं: वडिलांनी जंगलातून उचलून आणली. अख्ख्या रजिस्टरात त्या एका ओळीत कुणी मेलेलं नव्हतं. तिनं अंगठा उठवला, पोच घेतली, घडी करून चोळीत ठेवली. जाताना खोलीतल्या मुंडक्यांकडे बघत म्हणाली, "ही समदी आता कुठं जायाची?"

मी म्हटलं, "परत घरी, दाखला मिळाला की."

"जंगलात नाय?"

मला हसू आलं. मी तिला सगळं समजावून सांगितलं होतं. विकू नका, देऊ नका, हरवू नका. एकच गोष्ट सांगितली नव्हती, आणि ती माझ्या डोक्यातसुद्धा आली नव्हती. शिंग उगाळू नका. कातडं पडून राहतं, मुंडकं टांगून राहतं. वापरल्यानं कमी होणारी वस्तू त्या सगळ्या रजिस्टरात तेवढी एकच होती. मापं घेणारी मी, आणि माझ्या लक्षात येऊ नये?

त्याच थंडीत माझ्या मुलीची छाती भरली. वर्षाची होऊन गेली होती. डॉक्टरांचं औषध चालू होतं, पण रात्र रात्र घुरघुर ऐकून माझा जीव अर्धा झाला. पौषात नऊ संध्याकाळी मावशी आमच्याकडे आली. तिन्हीसांजेला सहाण घ्यायची, दूध, शिंग, तो गोल गोल घासण्याचा आवाज. त्या आवाजानं मला इतकं बरं वाटायचं की मी तिथंच फरशीवर आडवी व्हायचे. मुलगी बरी झाली. औषधानं की लेपानं, मला ठाऊक नाही. आई झाल्यावर माणूस एवढी चौकशी करत नाही.

पडताळणी सुरू झाली ती होळीच्या सुमारास. साहेब एकेकाला बोलावून वस्तू पुन्हा मोजून घेत. मावशीचं शिंग टेबलावर आलं. मी टेप लावली.

"किती?" साहेबांनी विचारलं.

"साडेएकोणीस."

त्यांनी फॉर्म उलटून पाहिला. "एकवीस लिहिलंय. अक्षर तुमचंच आहे."

वजनही कमी भरलं. दीड सेंटीमीटर म्हणजे फार नाही, नखाएवढं. पण साहेबांनी ते चपटं टोक बोटानं चाचपलं आणि त्यांचा चेहरा बदलला. बाजारात असे नखाएवढे तुकडेच चोरून विकले जात होते, ते त्यांना माहीत होतं. "आजी, हे टोक कुठे गेलं?"

"घासलं, सायेब. पोरांना लावलं."

"कापून विकलं आणि मग घासलं, असं नाही ना?"

मावशीला ते पहिल्यांदा कळलंच नाही.  कळलं तेव्हा तिनं नुसतं माझ्याकडे बघून घेतलं. चाळीस वर्षांत तिनं कुणाच्या घरची वाटी उचलली नव्हती. दाखला मिळाला नाही तर शिंग जप्त होणार होतं, बापाची तेवढी एकच वस्तू. आणि वर चोरटं शिंग विकणारी म्हणून गुन्हा दाखल झाला तर कोणती आई तिच्या मांडीवर बाळ देणार होती? आणि तिला तिथं बसनं बोलावून आणणारी मी.

साहेब वाईट नव्हते. ते म्हणाले, "फॉर्म भरल्यापासून ज्या ज्या मुलांना लावलंत ती घरं सांगा. त्यांनी हो म्हटलं तर प्रश्न मिटला." मावशीनं बोटांवर मोजत घरं सांगितली. मी लिहीत गेले. अमक्या गल्लीतली, पाण्याच्या टाकीजवळची, जुळ्यांची. सात घरं झाली. माझा हात लिहिता लिहिता थांबला, आठव्यासाठी. तिनं बोटं मिटून घेतली.

"अजून?" साहेबांनी विचारलं.

"नाय सायेब. येवढीच."

तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. मीही मान वर केली नाही. सरकारी नोकर, त्यातून वनखात्यातली, आणि नोंदवलेल्या वस्तूची झीज हिच्याच घरात! नोकरी जाईल की काय, हा विचार माझ्या मनात आधी आला, मावशीचा नंतर. लाज वाटते, पण क्रम तोच होता.

दुसऱ्या दिवशी जबाब घ्यायला मी आणि खाकी वर्दीतला एक वनरक्षक सातपूरला गेलो. दुपारची वेळ, दुसऱ्या पाळीची माणसं कामावर गेलेली, गल्लीत वाळवणं. पहिल्याच घरात आजीबाईंनी वर्दी पाहिली आणि बाळाला पदराखाली घेतलं.

"सांबरशिंग? अगं बाई, आम्ही नाही हो असलं काही करत! आम्ही तर डॉक्टरकडेच नेतो."

मी म्हटलं, "आजी, खरं सांगा. मावशीसाठीच विचारतोय."

"मावशी? ती नुसती तेल लावते. शिंगबिंग आम्ही डोळ्यानं पाहिलं नाही." आणि त्यांच्या ओट्यावर सहाण उभी करून वाळत ठेवलेली, तिच्या कडेला पांढरट गंध सुकलेलं.

सातही घरी तेच. कुणी घाबरून नाही म्हणालं, कुणी मावशीला वाचवायचं म्हणून. जुळ्यांची आई तर मला दारापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "ताई, तिचं नाव आम्ही कुणीच घेणार नाही, काळजी करू नका." अख्खी वसाहत एक होऊन त्या म्हातारीच्या पाठीशी उभी राहिली होती आणि तिला बरोबर बुडवत होती. मी सात कागदांवर सात नकार लिहिले. वनरक्षक म्हणाला, "मॅडम, म्हातारी खोटं बोलतीय वाटतं." मी त्याच्यावर इतक्या जोरात ओरडले की रस्त्यावरचं कुत्रं उठून गेलं.

परत येताना बसमध्ये डोळे मिटले तर ते सांबर पुन्हा दिसलं. उन्हात, सातपूरच्या रस्त्यावर, कारखान्याच्या भिंतीलगत चाललं होतं, आणि त्याच्या डोक्यावर काहीच नव्हतं. शिंगं टाकून आलेलं. कुठं टाकलीस, असं मी विचारत होते. घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू मध्ये पडू नकोस. म्हातारीनं तुझं नाव घेतलं नाही, म्हणजे तिनंच ठरवलंय ना." त्याचं बोलणं रास्त होतं, आणि मला त्याचा फार राग आला.

चौथ्या दिवशी साहेबांनी मावशीला बोलावलं. सात कागद समोर ठेवले. "आजी, एकही घर हो म्हणत नाही."

मावशी खुर्चीत बसली नव्हती, उभीच होती. म्हणाली, "लेकरांच्या आया हायेत, सायेब. भ्यायल्या असतील. तुमी लिवा काय लिवायचं ते."

"अजून एखादं घर? आठवून बघा."

"नाय."

साहेबांनी जप्तीचा कागद माझ्याकडे सरकवला. लिहायचा मलाच होता. मी पेनचं टोपण काढलं, तारीख घातली, आणि मग माझ्या तोंडून आलं, "साहेब, अजून एक घर आहे. माझं."

त्यांना वाटलं मी काही वेगळंच बोलतेय. मी सांगितलं. पौषातल्या नऊ संध्याकाळी. सहाण माझी, दूध माझं, मुलगी माझी. फॉर्म भरायला यांना मी आणलं, माप मी घेतलं, आणि उगाळू नका हे सांगायला मी विसरले. 

साहेबांनी जप्तीचा कागद परत स्वतःकडे ओढून घेतला. नंतर म्हणाले, "लिहून द्याल?"

"देते."

"तुमच्यावर येईल, मॅडम."

"येऊ द्या."

मी जबाब लिहिला, सही केली. पुढं मला कारणे दाखवा नोटीस आली, तिचं उत्तर दिलं, समज मिळाली आणि बढती चार वर्षं लांबली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या बढतीत पगार कमी आणि लिहिणं जास्त होतं. मावशीला दाखला मिळाला. साहेबांनी नव्या मापाचा, साडेएकोणीसचा, काढून दिला आणि खाली अट लिहून घेतली. मोठ्यानं वाचून दाखवली: वस्तू आहे त्या स्थितीत ठेवावी, कापू नये, झिजवू नये, विकू नये.

मावशीनं विचारलं, "म्हंजी नुसतं बघायाचं?"

"हो, आजी."

"देवावानी?"

"हो. तसंच समजा."

तिनं शिंग दुपट्यात गुंडाळलं आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलं. मला वाटलं, आता ही मला काहीतरी चांगलं बोलेल. व्हरांड्यात मी तिच्या मागं गेले, तर ती गर्रकन वळली.

"तुला कोनी सांगितलं व्हतं तोंड उघडाया? मी सात घरं सांगितली. आठवं माझ्या पोटात व्हतं, तितंच ऱ्हायलं असतं. नोकरी गेली असती म्हंजी? पोरीला काय घातलं असतं?"

"तुमचं शिंग गेलं असतं, मावशी."

"जाऊं दे ना मंग! शिंग हाय ते. सांबरानं बी टाकलंच व्हतं की."

ती तणतणत बस स्टॉपकडे गेली. महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मग हनुमान जयंतीला मुलीसाठी सुंठवड्याची पुडी घेऊन आली आणि काही झालंच नाही अशी पायरीवर बसली.

त्यानंतरही ती न्हाऊ घालायला जायची. पिशवी घेऊन सकाळी गल्लीतून जाताना दिसायची, कधी जुळ्यांच्या घरी, कधी टाकीजवळ. पिशवीत काय असतं ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. माझी खात्री होती, उगाळत असणार. एवढी बाळं, एवढ्या थंड्या. कुणाची छाती भरली की ही काय नुसती बघत बसणार? दारं लावून, चार थेंब दुधात, थोडंसं. मी मनातल्या मनात ते होऊ देत होते. वनखात्याची कारकून आणि समज मिळालेली बाई म्हणून मला ते शोभत नव्हतं, पण दुपारच्या डुलकीत कधी कधी तो गोल गोल घासण्याचा आवाज ऐकू यायचा आणि मी झोपेतच खूश व्हायचे. शिंग थोडं थोडं कमी होत होतं, सातपूरच्या पोरांच्या छातीत जात होतं, आणि माझ्या अपराधाचंही टोक तेवढंच झिजत होतं.

पाच वर्षांनी, दिवाळी झाल्यावर, तिचा भाचा ऑफिसात आला. पेठहून, एसटीनं. मावशी आश्विनात गेली होती, चार दिवसांच्या तापानं. मला कुणी कळवलं नव्हतं. आम्ही तोवर सातपूर सोडून शहरात राहायला आलो होतो. भाच्याला वारस म्हणून शिंग ठेवता आलं असतं, मी तसं सांगितलंही, पण तो नको म्हणाला. "आमाला ते सरकारी लफडं नको, ताई. मावशीनंच सांगितलेलं, मी गेल्यावर ताईकडं नेऊन दे, ती लिवून घील."

साहेब बदलून गेले होते, नवे आले होते. जमा करून घेण्याआधी माप घ्यायचा नियम. मी दुपटं सोडलं. आत दाखला, प्लास्टिकच्या पिशवीत, कडासुद्धा न मुडपलेला. त्याच्याखाली शिंग. मी टेप काढली. मनातून मी तयार होते. दोन सेंटीमीटर कमी भरेल, तीन भरेल, या वेळी कुणाला काय सांगायचं तेही ठरवून टाकलं होतं. टेप लावली.

साडेएकोणीस.

मी टेप काढली, बोटांनी सरळ केली आणि दुसऱ्या बाजूनं लावली. साडेएकोणीस. चपट्या टोकावर धुळीचा बारीक थर बसला होता. बोट फिरवलं तर बोटाला लागला.

एवढी बाळं. एवढ्या थंड्या. कुणाकुणाची छाती भरलेली ऐकत ती नुसतं तेल लावत बसली असेल, आणि शिंग घरात, देवावानी. कुणासाठी? कायद्यासाठी तर नाही. कायदा तिला वाचता येत नव्हता. पण त्या जबाबाखाली सही माझी होती.

भाचा माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. तो घाबरला. "ताई, कमी भरलं का? आमच्यावर काय येईल का?"

"नाही," मी म्हटलं. "बरोबर भरलं."

"मंग रडताय कशाला?"

मी रजिस्टर पुढं ओढलं. पाच वर्षं मी ते कमी भरायची वाट बघत होते, हे मला त्याला सांगता आलं नाही.